तीनशे सहाची पाहुणी

आमच्या वहिनीचे हात आवरायचे, एवढंच काम माझ्याकडे होतं. मंगळवारी दुपारी तीनपासून बुधवारी दुपारी बारापर्यंत. ऐकायला सोपं वाटतं, पण ज्यांनी आमच्या वहिनीला पाहिलं आहे त्यांना विचारा. ती कोणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी निघेपर्यंत त्यांचा ओटा घासून झालेला असतो, आणि घरातली माणसं ओशाळून तिला दारापर्यंत पोहोचवायला येतात.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मी लग्न केलं नाही. टायपिंगचा क्लास चालवते आणि पहिल्यापासून दादाकडेच राहते; म्हणजे खरं सांगायचं तर वहिनीकडे राहते. एरवी ती मला 'अगं' म्हणते. रागावली की 'वन्सं' म्हणते आणि एकदम अहो-जाहोवर येते. दिवसातून एकदा तरी मी वन्सं होतेच.

गेली एकोणीस वर्षं वहिनी एका हॉटेलात खोल्या लावते. चादरी बदलायच्या, अभ्रे चढवायचे, बाथरूम घासायची, टॉवेलांच्या घड्या घालायच्या, अशा दिवसाला चौदा खोल्या. हॉटेल काही फार मोठं नाही. चार मजले, बेचाळीस खोल्या. हमरस्त्यापासून आत, शांत वस्तीत आहे. एका बाजूला दातांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला राहती घरं आणि समोर झाडांची रांग. तिथे सहलीला कोणी येत नाही. पंप विकणारे, यंत्रं दुरुस्त करणारे, कंपन्यांसाठी मुलाखती घ्यायला आलेले, अशी कामाची माणसं येतात. दिवसभर मीटिंगा आणि रात्री शांत झोप, एवढंच त्यांना हवं असतं. म्हणून तिथे टेबलं मोठी, टेबलावरचा दिवा चांगला, प्रत्येक कपाटात इस्त्री, खाली कागद छापायचं यंत्र, आणि गल्लीत टॅक्सीवाल्यांना हॉर्न वाजवायची बंदी.

हॉटेलच्या मॅनेजरबाईंचा एक नियम आहे. खोल्या लावणारीला मजल्याची सुपरवायझर करायचं असेल, तर आधी तिनं एक रात्र त्याच हॉटेलात पाहुणी म्हणून राहायचं. पुढच्या दारानं यायचं, सही करून चावीचं कार्ड घ्यायचं, खायचं, झोपायचं, आणि पाहुण्याच्या डोळ्यांना काय काय खुपतं त्याची यादी दुसऱ्या दिवशी बारा वाजता बाईंसमोर ठेवायची. सोबतीला एक माणूस चालतं, पण हॉटेलातलं नको. खोली कोणती ते मजल्यावरच्या मुलींना कळू द्यायचं नाही, नाहीतर त्या खोलीची आरास करून ठेवतील. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कामाला हात लावायचा नाही. सुरकुती दिसली तर सुरकुती राहू द्यायची, वाकडं दिसलं तर वाकडं राहू द्यायचं. शेवटी बाई एकच प्रश्न विचारतात, "हात लावलात?" तपासायला कोणी येत नाही. तुम्ही सांगाल ते खरं.

"जिला स्वतःचे हात आवरत नाहीत, ती दुसरीला शिकवत नाही," बाई म्हणतात. "दुसरीचं काम स्वतःच करून टाकते आणि वर्षभरात मोडते."

अशी संधी दोनदाच मिळते. पहिल्यांदा, चार वर्षांपूर्वी, वहिनी दादाला घेऊन गेली होती. दादा आडवा झाला आणि घोरायला लागला. वहिनीनं बाथरूमच्या फरश्यांमधल्या काळ्या रेघा दातांच्या ब्रशनं घासून पांढऱ्याशुभ्र केल्या. ब्रश दादाचा होता. सकाळी त्यानं त्याच ब्रशनं दात घासले, हे आम्ही त्याला अजून सांगितलेलं नाही. बारा वाजता बाईंनी प्रश्न विचारला आणि वहिनीनं खरं ते सांगून टाकलं. तिला खोटं बोलता येत नाही असं नाही. मी केलेल्या स्वयंपाकाला ती इतकी वर्षं 'छान झालंय गं' म्हणत आली आहे. पण स्वतःच्या कामाबद्दल ती खोटं बोलत नाही.

आता ही दुसरी वेळ होती, आणि शेवटची. वहिनीचे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी बजावलंय, खाली बसून फरशी पुसणं बंद. सुपरवायझर झाली तर उभ्यानं, चालत्या-फिरत्या कामात तिची पुढची वर्षं निघतील. नाही झाली तर तळघरात कपडे धुण्याच्या यंत्रांपाशी दिवसभर वाफेत, नाहीतर घरी. वहिनी घरी नुसती बसली आहे हे चित्र मला डोळ्यांसमोर आणवेना. तिलाही आणवत नव्हतं.

"या वेळी तू चल," ती मला म्हणाली. "तू डोळे तरी वटारतेस. तुझा भाऊ झोपतो."

मंगळवारी मी क्लासला सुट्टी दिली. वहिनीनं ठेवणीतले कपडे काढले, मी कधी नव्हे ती लिपस्टिक लावली, आणि आम्ही दोघी मिळून एक बॅग घेऊन बसमधून उतरलो. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू! उभ्या आयुष्यात मी हॉटेलात राहिले नव्हते. गल्लीत शिरल्यावर वहिनी सवयीनं मागच्या बोळाकडे वळली. तिथे कचऱ्याचे डबे आहेत आणि कामवाल्यांचं दार आहे. मी तिचा दंड धरून तिला फिरवलं.

"पुढून, वहिनी, पुढून!"

"माहितेय मला," ती म्हणाली, आणि काचेच्या दारासमोरच्या पायपुसण्यावर तिनं इतका वेळ पाय पुसले की दरवानाला हसू आवरेना. दरवान जुना, एकोणीस वर्षांच्या ओळखीचा. पण पठ्ठ्यानं दार उघडलं, मान लववली आणि म्हणाला, "या मॅडम. प्रवास कसा झाला?"

"बसला गर्दी होती," वहिनी म्हणाली. मग आम्ही तिघंही फिदीफिदी हसलो.

काउंटरवरची मुलगी नवीन होती. नोंद माझ्या नावावर केलेली. "कामानिमित्त आलात का?" तिनं विचारलं.

"हो, तपासणीसाठी," मी ऐटीत म्हणाले. वहिनीनं मला कोपरानं ढोसलं.

खोली तीनशे सहा. दार उघडलं आणि मी अक्षरशः ओरडले. दोन पलंग, दोन्हींवर अशा कडक ताणलेल्या चादरी की त्यावर आकडेमोड करता येईल. खिडकीपाशी माझ्या क्लासमधल्या तीन टेबलांएवढं एक टेबल. मी सरळ पलंगावर उडी मारली.

"चप्पल काढा, वन्सं!" वहिनी कडाडली.

"पाहुणी आहे मी. पाहुण्यांना असं बोलतात का?"

तिनं ओठ दाबले. खोलीच्या मधोमध ती अशी उभी होती की जणू कोणीतरी येऊन तिला काम सांगणार आहे. मी म्हटलं, बस. ती म्हणाली, कुठे? कुठेही बस की बाई! ती खुर्चीच्या काठावर टेकली आणि लगेच उठली, कारण कचऱ्याची टोपली टेबलाच्या पायापासून दोन बोटं लांब होती. मी डोळे वटारले. तिनं हात मागे घेतले, पण ते शिवशिवत होते हे मला दिसत होतं. शेवटी मी माझी मोठी पर्स तिच्या हातात दिली.

"ही धर. दोन्ही हातांनी. खाली ठेवायची नाही."

"आणि आडवी झाले की?"

"पोटावर ठेव."

ती खरंच पर्स पोटावर घेऊन आडवी झाली. मला वाटलं, हिला झोप लागली की काय. तेवढ्यात ती म्हणाली, "अगं, लिही."

"काय लिहू?"

"दिव्याच्या टोपीला आतून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली आहे. पार पिवळी पडलीय. एकोणीस वर्षं हा दिवा मी वरून पुसतेय, आणि खालून झोपलेल्या माणसाला रोज ती चिठ्ठी दिसतेय!"

आणि मग जो सपाटा सुरू झाला! उजव्या पलंगावरून, डाव्या पलंगावरून, टेबलापाशी बसून, बाथरूमच्या दारामागे उभी राहून तिनं ती खोली पाहिली. पडद्याच्या दोन भागांमध्ये चार बोटं फट राहते आणि बाहेरचा उजेड बरोबर डाव्या उशीवर पडतो. प्लगच्या जागा सात आहेत, पण पलंगाजवळ एकही नाही. माणूस सकाळचा गजर लावून फोन काय टेबलावर ठेवून झोपणार? आंघोळ करताना साबणापर्यंत हात पोहोचत नाही. इस्त्री आहे, पण इस्त्रीची वायर आरशापर्यंत येत नाही. "लिहिलंस? लिहिलंस ना?" ती सारखी विचारत होती. मी मिनिटाला साठ शब्द टाइप करणारी बाई, पण माझाही हात दुखायला लागला. तिचे गाल लाल झाले होते. गुडघे दुखतात हे ती विसरलीच होती.

मग ती खिडकीपाशी गेली. समोरच्या घराच्या बाल्कनीत एक आजोबा झारीनं झाडांना पाणी घालत होते, एकेका कुंडीशी थांबून, बहुतेक काहीतरी बोलत. खाली एक मुलगी नव्या सायकलवर गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चकरा मारत होती. दातांच्या दवाखान्यातून गाल धरून एक माणूस बाहेर पडला. बाकी सगळं शांत. वहिनी पर्स छातीशी धरून बराच वेळ पाहत राहिली.

"ही काच मी रोज पुसते," ती म्हणाली. "हे आजोबा कधी दिसलेच नाहीत मला." थोड्या वेळानं म्हणाली, "मला खूप आनंद झालाय गं. तुला सांगून ठेवते."

संध्याकाळी एकदाच धोका आला. आम्ही खोलीतच सँडविच मागवून खात होतो आणि वहिनीचं लक्ष भिंतीवरच्या चित्राकडे गेलं. होडीचं चित्र होतं, आणि होडी जरा जास्तच कललेली होती. तिला घास गिळेना. "एक बोट लावते. नुसतं एक बोट." मी तिची खुर्ची उचलून, तिच्यासकट नव्हे, पण जवळजवळ तिच्यासकट, भिंतीकडे पाठ करून ठेवली. ती पाठमोरी बसून जेवली. यादीत तेरा गोष्टी झाल्या होत्या. मी मनातल्या मनात तिला सुपरवायझरचा काळा कोट चढवूनसुद्धा टाकला, आणि गाढ झोपले.

सकाळी सहाला मी आधी आंघोळीला गेले. गरम पाणी संपतच नव्हतं, त्यामुळे मीही संपवली नाही. बाहेर आले ती केस पुसत, बडबडत. मग वहिनी गेली. ती तयार होऊन आल्यावर पर्स तिच्या हातात दिली, आणि आम्ही नाश्त्याला खाली उतरलो. एवढंच. मी नंतर पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं आहे. त्या खोलीत मला काहीही वेगळं दिसलं नव्हतं.

नाश्त्याची तर मजाच झाली. लहानसं जेवणघर, प्रत्येक टेबलावर एक माणूस आणि एक लॅपटॉप. वहिनीनं अंडी, टोस्ट, फळं असं सगळं ताटलीत घेतलं आणि इकडेतिकडे पाहत माझ्या कानाशी लागली.

"तो रुमालाच्या घड्या घालत बसलेला चष्मेवाला आहे ना, तो दोनशे चार असणार."

"ओळखतेस?"

"तोंड आजच पाहिलं. पण कागदी रुमालाच्या अशाच बारीक घड्या उशीखाली सापडतात रोज. आणि ती निळ्या कोटातली एकशे अकरा. एवढा मोठा पलंग, पण एका कडेला झोपते. दुसरी बाजू जशीच्या तशी. आत्तासुद्धा बघ, बाकावर कशी कडेला बसलीय." ती इतकी खूश होती! इतकी वर्षं ज्यांची अंथरुणं उचलली, त्यांची तोंडं ती पहिल्यांदा पाहत होती. आम्ही दोन तास बसलो. कोणी उठवलं नाही, आणि कोणी उठवत नाही याचंच तिला नवल वाटत होतं.

पावणेनऊला वर आलो. मी कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. पुन्हा लाल. मी वेड्यासारखं आमच्याच दारावर टकटक केलं, आणि दार उघडलं.

समोर एक माणूस. वर पांढरा शर्ट, टाय, कोट. खाली गुडघ्यापर्यंत अर्धी चड्डी. त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि मागे टेबलावरच्या लॅपटॉपकडे मान केली. त्यात सहा-सात तोंडं ओळीनं बसली होती.

"खोली चुकली तुमची," तो कुजबुजला.

"तीनशे सहा," मीही कुजबुजले. "आमची."

"माझी आहे. आत्ताच दिली, पंधरा मिनिटं झाली."

त्याच्या मागे कपाट उघडं होतं. त्याच्या दोन शर्टांच्या शेजारी माझा फुलाफुलांचा गाऊन लटकत होता.

"तो गाऊन माझा आहे," मी म्हटलं.

"अच्छा!" त्याच्या तोंडावर खरोखर हायसं वाटल्याचं दिसलं. "मला वाटलं हॉटेल देतं."

"सर, तुमचा आवाज येत नाहीये," लॅपटॉपमधून कोणीतरी म्हणालं.

मला हसू फुटणार, तेवढ्यात माझं वहिनीकडे लक्ष गेलं. ती त्या माणसाच्या खांद्यावरून पलंगांकडे पाहत होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अगं," ती म्हणाली, "ते चादरीचे कोपरे माझे आहेत."

मजल्यावरची मुलगी धावत आली. तिला सगळ्या चिमणी म्हणतात, कारण तिची चिवचिव थांबत नाही. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिला खोल्या लावायला शिकवलं वहिनीनंच. नुसतं एवढंच झालं होतं, की आम्ही खाली असताना चिमणीनं दार उघडलं. पलंग लावलेले. चादरी ताणलेल्या. बाथरूम कोरडी, टॉवेल तीन घड्यांत, कडा आत. ते ओले होते, पण हे हात लावल्याशिवाय कोणाला कळणार? टेबलावर चिठोरासुद्धा नाही, बॅग कपाटात. तिला वाटलं, काल लावलेली खोली, इथे कोणी आलंच नाही. कपाट न उघडताच तिनं 'रिकामी, तयार' असं खाली कळवलं. या हॉटेलात कामाची माणसं पहाटे कार्ड पेटीत टाकून निघून जातात, त्यामुळे काउंटरवरच्या मुलीला त्यात काही वावगं वाटलं नाही. मीटिंगची घाई असलेला माणूस समोर उभा होता. तिनं त्याला खोली देऊन टाकली.

"ताई, मी कपाट उघडायला हवं होतं," चिमणी रडत म्हणाली. वहिनीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला पुढच्या खोलीकडे धाडलं.

लिफ्टपाशी एक बाक आहे. आम्ही दोघी त्यावर बसलो.

"कधी लावलेस गं तू पलंग?" मी विचारलं.

"आठवत नाही." ती स्वतःच्या हातांकडे पाहत होती. "खरंच आठवत नाही. तू आंघोळीला गेलीस, मी उठले… तेव्हाच लावले असणार. आणि बाथरूम पण पुसली असणार." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतंच. "तू बाहेर आलीस तेव्हा लावलेले होते ना? मग तुला कसं दिसलं नाही?"

घरी मी रोज सकाळी आंघोळ करून बाहेर येते, तेव्हा माझं अंथरूण आवरलेलं असतं. चादर झटकलेली, उशी जागेवर. वहिनी घरात आल्यापासून, बावीस वर्षं. मला ते वेगळं दिसणार कसं? राखणदार म्हणून नेमली गेलेली मी, आणि माझ्यासमोर घर लुटलं तरी मला कळलं नसतं. मला इतकी लाज वाटली की मी जमिनीकडे पाहत राहिले.

मग मला युक्ती सुचली. "वहिनी, मी सांगते की पलंग मी लावले! माझ्यावर बंदी नव्हती. पाहुणीनं लावले, संपलं."

ती खरंच विचारात पडली. गुडघ्यांवरून तिनं एकदा हात फिरवला. तळघरातली वाफ तिच्या डोळ्यांसमोरून गेली असणार. मग म्हणाली, "बाई म्हणतील, बरं, एक कोपरा घालून दाखवा. येतो तुला कोपरा घालता?"

मला येत नाही. पन्नाशीला आले, मला चादरीचा कोपरा घालता येत नाही.

"मग?" ती म्हणाली. "आण तो कागद इकडे."

यादीतल्या तेरा गोष्टी माझ्या अक्षरात होत्या. चौदावी तिनं स्वतः लिहिली, बाकावर कागद मांडीवर घेऊन, एकेक शब्द जुळवत.

बारा वाजता मॅनेजरबाईंच्या खोलीत आम्ही दोघी उभ्या. बाई ठेंगण्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्यांनी यादी वाचायला घेतली. दिव्याच्या चिठ्ठीपाशी भुवया वर गेल्या. साबणापाशी मान हलली. माझा जीव टांगणीला लागला होता. चौदावी गोष्ट त्यांनी मोठ्यानं वाचली.

"'तीनशे सहा. सकाळी पाहुणीनं दोन्ही पलंग स्वतः लावले, बाथरूम पुसली. म्हणून खोली रिकामी समजून दुसऱ्यांना दिली गेली. मजल्यावरच्या मुलीनं कपाट उघडलं नाही. ती चूक तिची, पण तिच्या मागोमाग रोज कपाट मी उघडून बघते, म्हणून तिला सवय लागली नाही. पलंग का लावले: आपण बाहेर गेल्यावर आपल्यासाठी कोणीतरी येईल आणि हे करील, हे पाहुणीला खरं वाटलं नाही.'"

बाईंनी कागद खाली ठेवला. तरीही प्रश्न विचारलाच. "हात लावलात?"

"लावला," वहिनी म्हणाली.

"हं." बाईंनी यादीची घडी घातली. मग म्हणाल्या, "तुमची वेळ बारापर्यंत होती. साडेआठला आम्ही पाहुणीची खोली दुसऱ्याला दिली. अशा वेळी आपण पाहुण्याला काय देतो?"

वहिनी सवयीनं, शाळेत उत्तर द्यावं तशी म्हणाली, "माफी मागतो, आणि एक रात्र पुन्हा देतो."

"मग? पाहुण्यांसाठी नियम आहेत ना? माफ करा. तीन आठवड्यांनी मंगळवारी या. खोली मी ठरवीन. पण तिथेही हात लागला, तर त्याच्या पुढे माझ्याकडे नियम नाही." आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्हीच ना सोबतीच्या? तुम्ही काय केलंत?"

"मी आंघोळ केली," मी म्हणाले.

बाहेर आल्यावर मी वहिनीला गल्लीतच मिठी मारली. आजोबांनी वरून झारी थांबवून पाहिलं. वहिनी हसत होती आणि डोळेही पुसत होती. "तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवड्यांत एकोणीस वर्षांची सवय कशी जाईल गं?" एकोणीस कुठली, बावीस, हे फक्त मलाच मोजता येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पाचचा गजर लावला. दादा पहाटेच्या पाळीला गेला होता. आधी मी माझं अंथरूण आवरलं. कसंबसं, पण आवरलं. वहिनी आंघोळीला गेली तशी मी तिच्या खोलीत शिरले. चादर काढली, झटकली, गादीवर पसरली, चारी बाजूंनी ओढली. एका बाजूला जास्त झाली, म्हणून दुसरीकडून ओढली, तर तिकडे जास्त झाली. घाम फुटला मला. चौदा खोल्या लावते ही बाई दिवसाला!

वहिनी केस पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली.

"हे काय चाललंय?"

"तुझा सराव," मी म्हणाले. "आत यायचं नाही. हात लावायचा नाही."

ती पाहत राहिली. मी कोपरा खोचला. तिचा उजवा हात पुढे आला, अगदी नकळत, पलंगाच्या दिशेनं. मी डोळे वटारणार, एवढ्यात तिनं तो हात मागे घेतला. दारामागच्या खुंटीवर माझी मोठी पर्स अडकवलेली होती. ती काढून तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"कोपरा चुकलाय, वन्सं," ती म्हणाली. "उलगडा तो."

मी उलगडला.

"आता आधी खालची कड आत. हं. मग बाजूची वर उचला, गादीवर ठेवा. ओढू नका. तसं नाही. पुन्हा."

पाच वेळा उलगडायला लावला तिनं मला. सहाव्या वेळी कोपरा बसला, तेव्हा मी पाठ सरळ करत तिच्याकडे वळून पाहिलं. ती हसत होती. पर्स तिच्या हातातच होती.